लेखाखालची चौकट

1 सप्टेंबर, सोमवार

रजिस्टर पोस्ट बंद होतंय, स्पीड पोस्टात विलीन. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आता ते नाव विसरा."

आपल्या मासिकाचा अंक नियतकालिकांच्या सवलतीत जातो, काही पैशांत. खर्च येतो तो अंक पोचला नाही की, रजिस्टरनं पुन्हा पाठवताना. दुपारी तीन फोन: अक्कलकोट, कुर्डुवाडी, पुणे. ऑगस्टचा अंक नाही. तिघांनाही पुन्हा पाठवते म्हटलं.

4 सप्टेंबर, गुरुवार

कागदावरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के. 22 तारखेपासून. वहीच्या कागदाला शून्य, वर्तमानपत्राच्या कागदाला 5. आमचा मॅपलिथो 18 मध्ये. अंकावर कर नाही, म्हणून कागदावर भरलेला कर परत मागायची सोयही नाही.

आज सगळ्या पेपरांचा मथळा एकच. दिलासा.

छापखान्याच्या मालकांना विचारलं, दिवाळी अंकाचा कागद आधीच उचलू का? हसले. "ताई, सकाळपासून सगळे हेच विचारायलेत."

9 सप्टेंबर

बाबा भिंग घेऊन प्रुफं वाचताहेत. पानापानावर लाल. चौऱ्याऐंशीव्या वर्षी 'ऱ्हस्व-दीर्घ' एवढाच ओरडा घरात ऐकू येतो.

13 सप्टेंबर, शनिवार

माढ्याचा पोरगा आला होता. पोरगा म्हणते, तिशीला टेकला. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टीत तासिका नाहीत, म्हणजे पगारही नाही. दिवाळी अंकासाठी थकलेल्या ऊसबिलांवर लिहिलंय. कायदा सांगतो, ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत पैसे. त्यानं शेतकऱ्यांच्या पावत्याच जमवल्यात. तारखा पुरेशा बोलक्या आहेत, लेखकाला आवाज चढवावा लागलेला नाही.

जाताना चपला घालता घालता म्हणाला, "मानधन वाढवा असं नाही म्हणत ताई. निदान भाडं तरी बघा. जानेवारीत एसटी 15 टक्क्यांनी वाढली."

लेखाला 1500 देतो आपण. किती वर्षं झाली याला, आठवत नाही.

22 सप्टेंबर, घटस्थापना

पाऊस. रूपाभवानीच्या देवळात रांग, छत्र्यांची.

24 सप्टेंबर, बुधवार

सीना नदीला पूर. माढा, मोहोळ, करमाळा. चॅनेलवाले छातीएवढ्या पाण्यात उभे. पोराचा फोन लागत नाही.

25 सप्टेंबर

लागला. घर उंचावर आहे, सगळे ठीक. म्हणाला, "आत्ता लिहीत नाही. आत्ता सगळेच लिहितायत. पाणी उतरल्यावर जातो."

2 ऑक्टोबर, दसरा

आपटा, झेंडू. मशीनची पूजा झाली, मालकांनी पेढे दिले. कागदाचं बिलही दिलं.

8 ऑक्टोबर, बुधवार

काल सरकारनं पॅकेज जाहीर केलं. 31,628 कोटी. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि 3 लाखांपर्यंत रोजगार हमीतून. पेपरात आकडा पहिल्या पानभर. कुणाच्या हातात कधी किती पडेल, ते कुठल्याच पानावर नाही.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

साखर कारखान्याच्या जनसंपर्काचा फोन. दरवर्षी पानभर शुभेच्छा असतात, 15,000. यंदाही आहेत. "फक्त तो ऊसबिलाचा लेख पुढच्या अंकात घेता आला तर बघा. सणासुदीचं कशाला." आवाज अतिशय गोड.

लेख काढा असं म्हणालेच नाहीत. पुढे ढकला, एवढंच.

बाबांना सांगितलं. लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं. "ढकललेला लेख परत येत नसतो."

11 ऑक्टोबर

लेख राहिला. जाहिरात गेली. 15,000 म्हणजे दहा लेखांचं मानधन. झोपेतसुद्धा हाच भागाकार.

15 ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी अंक आला. शाईचा वास, ओल्या दिवसांमुळे पानं किंचित फुगलेली. कारखान्याच्या पानावर बाबांनी जुनं रेखाचित्र टाकलंय. खाली काहीच नाही लिहिलेलं.

1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे असंच चालू आहे. सणाच्या जाहिरातींवर साहित्य. त्यात गैर काही नाही. जाहिरात देणारा मजकुराच्या पानांकडे वळला की गैर.

22 ऑक्टोबर, पाडवा

न्यू जर्सीहून फोन. मूळचे पंढरपूरचे. ऊसबिलाचा लेख कुणीतरी फोटो काढून पाठवला. मोठी देणगी द्यायची आहे. "असल्या लेखकाला जगवलं पाहिजे."

मला पहिला प्रश्न विचारावा लागला, "पासपोर्ट कुठला?" अमेरिकेचा. मग नाही घेता येत. परदेशी देणग्यांचा 2010 चा कायदा: नोंदणीकृत नियतकालिकाचा संपादक, मालक, मुद्रक, स्तंभलेखक, कुणीच घ्यायची नाही. वर्गणी चालते, ती मालाची किंमत.

त्यांनी वर्गणी भरली. वर्षाची, एका माणसाची. मग जरा गप्प होऊन म्हणाले, "एवढंच?"

23 ऑक्टोबर, भाऊबीज

भाचा एक अहवाल दाखवत होता. रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा, यंदाचा. जगभरात बातम्यांवर विश्वास ठेवणारे 40 टक्के. "मावशी, म्हणजे तुमचे दिवस आले."

पुढचं पान मी काढायला लावलं. ऑनलाइन बातम्यांसाठी पैसे मोजणारे, तेही वीस श्रीमंत देशांत, 18 टक्के.

विश्वास उडालेला माणूस आपल्याकडे येतोच असं नाही. बहुतेक वेळा तो कुणाकडेच जात नाही. व्हॉट्सॲपवर जातो.

3 नोव्हेंबर, सोमवार

पोरगा सीनाकाठाहून आला. थेट स्टँडवरून. पिशवीतून वही काढली, कोपरे चिखलानं कडक झालेले. एका शेताचं वर्णन आहे: वरची काळी माती गेली, खाली मुरूम उघडा, ठिबकच्या नळ्या बाभळीला लोंबताहेत, वीतभर उंचीवरच्या नव्हे, माणसाच्या डोक्यावरच्या फांद्यांना. शेतकरी त्या नळ्या सोडवून गुंडाळत होता. कशासाठी विचारलं, तर म्हणाला, हप्ते चालू आहेत नळ्यांचे.

एवढं एक पान वाचून मी उठले आणि चहा टाकला.

त्यानं खर्चाची चिठ्ठी दिली. तिकिटं पिनेनं टाचलेली. एसटी आणि वडाप 640. झेरॉक्स 85. फोटो स्वतःचे. जेवण लिहिलंच नव्हतं.

4 नोव्हेंबर

ती चिठ्ठी टेबलावर आहे. वाचकानं लेख वाचला की ही चिठ्ठी कधी दिसत नाही.

लेखाखाली छापली तर?

6 नोव्हेंबर

बाबांना विचारलं. वाटलं, चिडतील. "छाप. वाचकाला वाटतं अंक आकाशातून पडतो."

मग त्यांची नेहमीची गाडी सुरू झाली. 'मूकनायक', 31 जानेवारी 1920. शाहू महाराजांचे 2500 रुपये. त्या पैशाची नोंद इतिहासात आहे म्हणून आपल्याला कळतं की ते पत्र कशावर उभं राहिलं. 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी घेतली नव्हती. "मोठ्या पत्रांवर विश्वास नसणं काल-परवाचं नाही. पण अविश्वासानं कागद येत नाही. 2500 नी येतो."

12 नोव्हेंबर, बुधवार

चौकटीचा मजकूर ठरला.

'या लेखासाठी खर्च: प्रवास 640, झेरॉक्स 85, मानधन 1500. हा खर्च वर्गणीतून झाला. लेखकाचे दिवस यात धरलेले नाहीत.'

शेवटचं वाक्य पोराला आवडलं नाही. "रडगाणं वाटतं." ठेवलं.

प्रत्येक लेखाखाली अशी चौकट. कवितेखालीसुद्धा. कवितेचे 300.

26 नोव्हेंबर

डिसेंबरचा अंक टपालात. चिठ्ठ्या चिकटवून बोटांची त्वचा सोलल्यासारखी झालीय.

2 डिसेंबर, मंगळवार

जिल्ह्यात नगरपरिषदांचं मतदान. निकाल 21 वर गेला. तोवर पेट्या आणि अफवा.

5 डिसेंबर, शुक्रवार

चौकटीवर पत्रं.

बार्शी: "गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला याहून जास्त पडतात." सोबत 1000, 'फक्त त्या पुराच्या लेखकासाठी.'

सातारा: "साहित्यात किराणा हिशेब आणलात. कटोरा घेऊन उभं राहायचं असेल तर तसं सांगा." वर्गणी मात्र संपेपर्यंत अंक पाठवावा.

लातूर: "मला हिशेब नको. लेख मोठे द्या."

8 डिसेंबर

आपले सर नाराज. निवृत्त प्राचार्य, वीस-पंचवीस वर्षं आपल्याकडे लिहितात, मानधनाचा धनादेश कधी वटवत नाहीत. त्यांच्या लेखाखाली छापलं, 'मानधन लेखकाने घेतले नाही.' सरांना तो दाखवेगिरीचा प्रकार वाटला.

सरांचा फोन ठेवल्यावर मागचे अंक काढून बसले. कोण लिहितं आपल्याकडे? प्राध्यापक, पेन्शनर, डॉक्टर, एक वकील. ज्यांचं घर दुसऱ्या कशावर तरी चालतं असे. फुकट लिहिणं परवडतं तेच लिहितात. ज्यांना परवडत नाही त्यांचे लेख आपल्याकडे आलेच नाहीत, म्हणून ते नाहीत हेही कधी दिसलं नाही.

सरांचा लेख चांगला होता. नेहमी असतो.

10 डिसेंबर, बुधवार

बार्शीचे 1000 पोराला देऊ केले. तो म्हणाला, सगळ्यांच्या मानधनात घाला. मी म्हटलं, देणाऱ्यानं तुझं नाव लिहिलंय. "मग ताई, देणाऱ्याला आवडेल तेच लिहायचं का पुढे?"

बार्शीला पत्र टाकलं, परवानगी मागितली. आली. सोबत आणखी दोन नव्या वर्गण्या.

13 डिसेंबर

पुण्याच्या एका मुलीनं विचारलं, दरमहा आपोआप 50 रुपये कापले जातील असं काही नाही का? मोठ्या शहरांत असं चालतं. 'न्यूजलाँड्री' वाचकांच्या पैशावर उभी आहे. आपल्याकडे क्यूआर कोड आहे, तो छापताना एकदा पुसट आला होता.

भाचा बसवून देतो म्हणाला. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमानंतर पुष्कळांच्या कार्डावरच्या अशा वर्गण्या आपोआप थांबल्या होत्या, आता यूपीआयवर जमतं. बघू. आपले निम्मे वाचक अजून मनीऑर्डरचं विचारतात.

16 डिसेंबर, मंगळवार

महापालिका निवडणुका जाहीर झाल्या. 15 जानेवारीला मतदान. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतच.

18 डिसेंबर, गुरुवार

पोराला धमकी. जानेवारीच्या अंकासाठी सीनेतल्या वाळूउपशावर लिहितोय. नंबर अनोळखी, भाषा ओळखीची. "मास्तर, तास घ्या गपगुमान."

मला 6 फेब्रुवारी 2023 आठवलं. राजापूर. रिफायनरीवरची बातमी छापून आली त्याच दिवशी शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

पत्रकार संरक्षण कायदा आहे, 2017 चा. 'मुख्य व्यवसाय' पत्रकारिता असलेल्यांसाठी. तासिकेवर शिकवणारा, महिन्याला एक लेख लिहिणारा त्यात बसतो का? वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "वाद घालता येईल." वाद घालायला आधी काहीतरी घडावं लागतं.

त्याला म्हटलं, हा लेख थांबव. "थांबवत नाही. पण जानेवारीत देत नाही." म्हणजे काय ते सांगितलं नाही.

20 डिसेंबर, शनिवार

आज कळलं म्हणजे काय ते.

एका उमेदवाराच्या प्रचाराचं काम घेतलंय. भाषणं, पत्रकं, रोजच्या पोस्ट. 13 जानेवारीपर्यंत. 30,000 ठरलेत. गाडीचे हप्ते थकले होते, तासिकांचं मानधन जूनपासून निघालेलं नाही.

माझ्यासमोर बसून सांगितलं, फोनवर नाही. चहा घेतला. मी काहीच म्हणू शकले नाही. काय म्हणणार? 30,000 म्हणजे आपले वीस लेख. वीस महिने.

21 डिसेंबर

नगरपरिषदांचे निकाल. दिवसभर फटाके. बाबा टीव्ही बंद करा म्हणाले.

मग म्हणाले, त्या पोराचा लेख आता घ्यायचा नाही.

24 डिसेंबर, बुधवार

घरात दोन दिवस अबोला. मी एवढंच म्हटलं होतं की प्राचार्य सर एका पक्षाच्या शिक्षणसंस्थेच्या पेन्शनवर आहेत, त्यांचे लेख घेतो. बाबांना लागलं.

28 डिसेंबर, रविवार

पानं कमी करायचं ठरलं. 48 ची 32. एक फॉर्म वाचला की कागद, प्लेटा, छपाई, सगळं उतरतं. वाचलेल्या पैशांतून मानधन 1500 चं 2500. कमी लेख, पण प्रत्येकाला भाडं आणि जेवण वेगळं.

मालक म्हणाले, "पानं कमी केलेला अंक वाचकाला आजारी वाटतो, ताई." असेल.

2 जानेवारी, शुक्रवार

गल्लीत पत्रक आलं. भाषा लगेच ओळखली. छोटी वाक्यं, एकही विशेषण नाही. ड्रेनेजवर सुंदर परिच्छेद. त्या वॉर्डात इतकं चांगलं मराठी पहिल्यांदाच वाटलं गेलं असेल.

6 जानेवारी, मंगळवार

पत्रकार दिन. 1832, 'दर्पण', बाळशास्त्री जांभेकर. गावभर सत्कार. आमंत्रण आलं होतं, यजमान एक उमेदवार. शाल, श्रीफळ, आणि म्हणे पाकीट.

बाबांनी 2009 आठवून दिलं. विधानसभा निवडणूक, पी. साईनाथ यांनी उघड केलेलं: स्पर्धक दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारखी. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं 71 पानी अहवाल केला. कौन्सिलनं आधी त्याचा आटोपशीर अवतारच काढला, पूर्ण अहवाल बाहेर यायला 2011 उजाडलं.

"तेव्हा पैसे घेतल्याचं लपवलं, तो गुन्हा," बाबा म्हणाले. मग बराच वेळ लाल पेनाशी खेळत बसले.

12 जानेवारी, सोमवार

हुतात्मा दिन. 1931 ला याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. चौकात हार घालायला उमेदवारांची रांग. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, हे रांगेतल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. मीही हार घातला.

14 जानेवारी, संक्रांत

यात्रेचे नंदीध्वज. ढगळ हवा. प्रचार संपला, भोंगे गप्प. शेंगाचटणीवाल्या बाईंनी तिळगूळ दिला आणि विचारलं, "तुमचं पुस्तक चालू आहे ना अजून?"

15 जानेवारी

मत दिलं. बाबांना रिक्षानं नेलं.

17 जानेवारी, शनिवार

पोरगा आला. वाळूचा लेख पूर्ण. पाठीवर तीच पिशवी.

"तुझा उमेदवार?"

"पडला."

"आणि पैसे?"

"निम्मे मिळाले. बाकीचे आता कोण देतंय."

हसू आवरेना. त्यालाही. बाबा आतून बाहेर आले, उभे राहिले. त्यानं वाकून नमस्कार केला. म्हणाला, "बाबा, लेख घ्यायचा तर चौकटीत हेही छापा. नाहीतर नका घेऊ."

बाबा लेख घेऊन आत गेले. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

18 जानेवारी, रविवार

लेख परत आला. लाल खुणा फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या.

त्याचं नाव छापायचं का, यावर तिघं बसलो. धमकीचं सांगून पाहिलं. त्याला नाव हवंच. वकिलांना आधी वाचायला दिला. पोलिसांत अर्ज देऊन पोच घ्यायची, मग अंक टपालात टाकायचा, असं ठरलं.

20 जानेवारी, मंगळवार

चौकट:

'या लेखासाठी खर्च: प्रवास आणि जेवण 910, मानधन 2500. हा खर्च वर्गणीतून झाला. लेखकाने डिसेंबर-जानेवारीत महापालिकेच्या एका उमेदवाराचे प्रचारलेखन केले. त्याचे 30,000 ठरले होते, 15,000 मिळाले. या लेखात त्या उमेदवाराचा किंवा त्याच्या पक्षाचा संबंध येत नाही. येत असता तर लेख घेतला नसता.'

मी 'केवळ 2500' असं लिहिलं होतं. बाबांनी 'केवळ' खोडलं. "आकडा पुरे आहे."

वर्गणी 500 ची 600 केल्याचं निवेदन शेवटच्या पानावर. आवाहन वगैरे लिहायला जागा उरली नाही.

22 जानेवारी, गुरुवार

फॉर्म मालकांकडे गेला. मानधनाचे धनादेश आधी लिहिले, सरांचाही. कागदवाल्याला सोमवारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं.